गळ टाकण्यापूर्वी

(मासे पकडणे हा काहींचा छंद आहे, तर अनेक कुटुंबांचा तो पोटाचा व्यवसाय आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत गोड्या पाण्यातील मासे कोठे असतात, कोणत्या पाण्यावर गळ टाकावा, कोणत्या पाण्यावर टाकू नये आणि काठावर कसे वागावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, खानदेशचा नकाशा समोर ठेवा. पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेली एक निळी रेघ तुम्हांला दिसेल. ती तापी नदी. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे ती उगम पावते. बऱ्हाणपूरवरून ती आपल्या भागात येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून वाहत जाऊन ती सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे ७२४ किलोमीटर आहे. गोदावरी आणि कृष्णा पूर्वेकडे जातात. तापी मात्र पश्चिमेची वाट धरते.

आता या रेघेला मिळणाऱ्या लहान रेघा पाहा. दक्षिणेच्या बाजूने पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा आणि बुराई या नद्या येतात. उत्तरेच्या बाजूने, म्हणजे सातपुड्यातून, सुकी, मोर, अनेर आणि अरुणावती येतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील गोड्या पाण्यातील मासे या नद्यांत आणि त्यांच्यावर बांधलेल्या धरणांत व तलावांत राहतात.

तुमच्यापैकी बरेच जण दोन-तीन वर्षांत जळगाव, भुसावळ, अमळनेर किंवा धुळे येथील महाविद्यालयात शिकायला जातील. कोणी वसतिगृहात राहील, कोणी मित्रांबरोबर खोली घेईल. सुटीच्या दिवशी हातात थोडा वेळ असेल आणि खिशात थोडेच पैसे असतील. बांबूची एक काठी, नायलॉनचा दोरा, एक गळ आणि मूठभर कणीक एवढ्या साहित्यावर मासे पकडण्याचा छंद करता येतो. म्हणून मुले नेहमी विचारतात, "सर, मासे कोठे मिळतात?"

प्रश्न सोपा आहे. पण एका गावाचे नाव सांगून त्याचे उत्तर देता येत नाही. खानदेशातील पाणी बाराही महिने सारखे नसते. शिवाय जवळजवळ प्रत्येक पाण्यावर कोणाचे तरी पोट अवलंबून असते. म्हणून गळ टाकण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायची सवय लावा. या पाण्यात मासा कोठे असेल? हे पाणी कोणाच्या ताब्यात आहे? आणि या काठावरून मी सुखरूप घरी परत जाईन का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांना काही अर्थ राहत नाही.

पाणी ओळखायला शिका

आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा. जूनमध्ये नद्या वाहू लागतात, ऑगस्टमध्ये त्यांना पूर येतो आणि दिवाळीनंतर धार बारीक होत जाते. मार्च-एप्रिलमध्ये बोरी, बुराई यांसारख्या नद्यांच्या पात्रात फक्त वाळू आणि दगड दिसतात. पण सगळे पाणी संपत नाही. वळणावर, खडकाच्या पायथ्याशी, जुन्या बंधाऱ्याच्या खाली खोल जागी पाणी शिल्लक राहते. अशा जागेला डोह म्हणतात. नदी आटली की तिच्यातील मासे डोहात गोळा होतात. पुढच्या पावसाळ्यात हेच मासे नदीभर पसरतात व अंडी घालतात. म्हणजे डोह हे नदीचे बियाण्याचे कोठार आहे. शेतकरी घरात कितीही अडचण असली तरी बियाणे दळून खात नाही. डोहाशीही माणसाने तसेच वागले पाहिजे.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, कमी होतो. म्हणून दुपारी मासे खोल व सावलीच्या पाण्यात जाऊन स्वस्थ राहतात. सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर ते काठाजवळ चरायला येतात. भर दुपारी बारा वाजता उघड्या काठावर गळ टाकून बसणाऱ्याला मासा मिळत नाही, ऊन मात्र लागते.

आणखी काही खुणा लक्षात ठेवा. दोन नद्यांच्या संगमावर वाहून आलेले अन्न जमते, म्हणून तेथे मासे येतात. बंधाऱ्यावरून पाणी पडते तेथे ते हवेत मिसळून येते, म्हणून त्याच्या खालच्या बाजूला मासे थांबतात. पाण्यात वाकलेल्या झाडाच्या मुळांत लहान मासे लपतात आणि त्यांना खाणारे मोठे मासे त्यांच्या आसपास फिरतात. काठावर बगळा किंवा खंड्या पक्षी एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल, तर तेथे लहान मासे आहेत असे समजावे. पक्षी रिकाम्या पाण्यावर वेळ घालवत नाहीत.

जळगाव जिल्ह्यातील पाणी

पूर्वेकडून सुरुवात करू. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे पूर्णा नदी तापीला मिळते. संगमाच्या खाली भुसावळ तालुक्यात हतनूर धरण आहे. त्याला एकेचाळीस दरवाजे आहेत. धरणात अडलेले पाणी मागे चांगदेवपर्यंत पसरते. अशा मागे पसरलेल्या पाण्याला 'फुगवटा' म्हणतात. फुगवट्याच्या काठाला पाणी उथळ असते, तळाला गाळ व पाणवनस्पती असतात. रोहू, मृगल, सायप्रिनस यांना असे पाणी मानवते. हिवाळ्यात येथे दूरदेशीचे पाणपक्षीही येतात. त्यामुळे येथे तुटलेला नायलॉनचा दोरा काठावर टाकून देणे फार वाईट. त्यात पक्ष्याचा पाय अडकला की तो सुटत नाही.

जळगाव शहराजवळ वाघूर नदीवर धरण आहे. ही नदी अजिंठ्याच्या लेण्यांसमोरून वाहत येते. वाघूर धरणाचे पाणी जळगाव शहर पिते. म्हणून धरणाची भिंत, दरवाजे आणि पाणी उचलण्याची विहीर यांच्याजवळ जाऊ नये. शहरातच मेहरूण तलाव आहे. येथे सकाळ-संध्याकाळ लोक फिरायला येतात. अशा गर्दीच्या ठिकाणी गळ मागे घेऊन जोरात फेकला, तर तो माशाऐवजी एखाद्या लहान मुलाच्या डोळ्यात जाईल. आधी फलक वाचावा. मनाई असेल तर मुकाट्याने परत फिरावे.

गिरणा नदी नाशिक जिल्ह्यातून येते. नांदगाव तालुक्यात तिच्यावर मोठे गिरणा धरण आहे. तेथून पाणी सुटते आणि चाळीसगाव तालुक्यातील जामदा बंधाऱ्यावरून ते कालव्यांत जाते. पुढे भडगाववरून ही नदी जळगावजवळ बांभोरी, कानळदा या गावांकडे येते आणि तापीला मिळते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठही बांभोरीजवळ, गिरणेपासून फार दूर नाही. गिरणेच्या बंधाऱ्यांखालच्या डोहांत वाम, शिंगटा, मरळ हे मासे असतात. पारोळा तालुक्यात तामसवाडी येथे बोरी नदीवर धरण आहे, तेही लक्षात ठेवा.

रावेर तालुक्यातील सुकी धरण सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. त्याच्या बाजूला यावल अभयारण्याचे जंगल आहे. अभयारण्य म्हणजे प्राण्यांना अभय दिलेले अरण्य. तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय जाणे हा गुन्हा आहे, मग मासे पकडणे तर दूरच.

धुळे जिल्ह्यातील पाणी

धुळे शहर पांझरा नदीच्या काठी वसले आहे. पांझरेचा उगम साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूच्या डोंगरात होतो. तिच्यावर लाटीपाडा आणि अक्कलपाडा ही धरणे आहेत. या नदीवर शेकडो वर्षांपासून दगडी बंधारे बांधून शेतीला पाणी देण्याची 'फड पद्धत' चालत आली. या जुन्या बंधाऱ्यांच्या खाली पाण्याने खोल खळगे झाले आहेत. शिंदखेडा तालुक्यात मुडावद येथे पांझरा तापीला मिळते.

धुळ्याजवळ नकाणे, डेडरगाव आणि हरणमाळ हे तलाव आहेत. नकाणे आणि डेडरगाव येथील पाणी शहराला पिण्यासाठी दिले जाते. शिरपूर तालुक्यात अरुणावती नदीवर करवंद धरण आहे. त्याच तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर हे गाव आहे. फारूकी सुलतानांनी बऱ्हाणपूरला जाण्यापूर्वी येथे राजधानी केली होती. त्यांच्या कबरी आजही तेथे पाहायला मिळतात. गळ टाकायला नसले, तरी इतिहास पाहायला तेथे अवश्य जा. नदीचा काठ मात्र उंच आहे, कडेला उभे राहू नका.

शिंदखेडा तालुक्यात सुलवाडे येथे तापीवर बॅरेज आहे. पुढे सारंगखेडा आणि प्रकाशा येथेही बॅरेज आहेत. ती गावे १९९८ साली नव्याने झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात गेली. या बांधकामांमुळे पूर्वी वाहत असणारी तापी आता ठिकठिकाणी तलावासारखी थांबते. थांबलेल्या पाण्यात राहणाऱ्या माशांना त्याचा फायदा झाला. पण महसीरसारख्या माशाला स्वच्छ, वाहते पाणी लागते आणि अंडी घालायला तो प्रवाहाच्या उलट वर चढतो. त्याच्या वाटेत भिंती उभ्या राहिल्या.

शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाविषयी एक सूचना. धरणाच्या परिसराला १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. नकाशावर येथे मोठे निळे पाणी दिसते आणि मोह होतो. पण हे पाणी गळ टाकण्यासाठी नाही.

माशांचे मजले

मासे पकडणाऱ्याला माशाची सवय माहीत असावी लागते. तलाव ही एक तीन मजली इमारत आहे असे समजा. कटला वरच्या मजल्यावर राहतो. त्याचे तोंड वर वळलेले असते, कारण तो पाण्याच्या वरच्या थरातील बारीक जीव खातो. रोहू मधल्या मजल्यावर असतो. मृगल तळमजल्यावर राहतो. त्याचे तोंड खाली वळलेले असते व तो गाळातील अन्न खातो. म्हणूनच हे तिन्ही मासे एकाच तळ्यात पाळता येतात. एकाचे अन्न दुसरा हिरावून घेत नाही. माशाचे तोंड पाहिले की तो कोणत्या मजल्यावरचा ते कळते आणि गळ किती खोल सोडायचा तेही कळते.

मरळ हा शिकारी मासा आहे. तो बेडूक व लहान मासे खातो. त्याला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून तो अधूनमधून पाण्यावर येतो आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही जगतो. त्याची पिल्ले लालसर रंगाची असून एका झुंडीने फिरतात, आणि आईबाप त्यांची राखण करतात. अशी झुंड दिसली तर तेथे गळ टाकू नका. एका माशाबरोबर शेकडो पिल्ले जातील.

शिंगटा तळाशी राहतो. त्याला मिशा असतात आणि पाठीवर व बाजूला टोकदार काटे असतात. तो हाताळताना ओल्या फडक्याने धरावा. वाम सापासारखी लांब असते आणि दगडांच्या फटीत राहते. तिलापिया हा परका मासा आहे. तो १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले वाचतात आणि हा मासा झपाट्याने वाढतो. आफ्रिकन मागूर हाही परका व अतिशय खादाड मासा आहे. तो स्थानिक मासे फस्त करतो, म्हणून सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. असा मासा कोणी विकत आणून नदीत सोडत असेल, तर त्यात पुण्य नाही, नुकसान आहे.

साहित्याविषयी फार सांगायला नको. काठी, दोरा, बोया, शिशाचे लहान वजन आणि गळ एवढे पुरते. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. ती बुडाली की मासा लागला असे कळते. आमिष म्हणून गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. येथे भाषेची एक गंमत ध्यानात घ्या. मराठीत ज्याला 'गळ' म्हणतात, त्याला तुम्ही घरी 'काँटा' म्हणता. पण मराठीत 'माशाचा काटा' म्हणजे माशाचे हाड. म्हणून 'मी काट्याने मासा पकडला' असे उत्तरपत्रिकेत लिहिलेत, तर तपासणारा गोंधळून जाईल.

हे पाणी कोणाचे?

आता दुसरा प्रश्न. नदी सर्वांची, धरण सरकारचे, मग मासाही सर्वांचा, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. धरणातील व तलावातील मासेमारी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिली जाते. बहुतेक ठिकाणी हा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज, म्हणजे माशांची लहान पिल्ले, विकत आणून पाण्यात सोडते, ती वाढेपर्यंत वाट पाहते आणि राखण करते. शेतकऱ्याच्या उभ्या पिकातून कणीस तोडणे आणि संस्थेच्या तलावातून न विचारता मासा काढणे, यांत फरक नाही.

नद्यांच्या काठी भोई, कोळी, भिल्ल अशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आली आहेत. पहाटे अंधारात पुरुष जाळे काढतात आणि दिवस वर येईपर्यंत बायका टोपली घेऊन बाजारात बसलेल्या असतात. ज्या दिवशी जाळे रिकामे निघते, त्या दिवशी घरात पैसा येत नाही. तुम्ही मात्र मासा मिळाला नाही तरी जेवणारच आहात. हा फरक काठावर बसताना विसरू नका. त्यांच्या जाळ्याजवळ गळ टाकू नका. जाळ्याच्या दोरीला हात लावू नका. थर्मोकोलच्या ताफ्यावर बसून तर मुळीच पाण्यात जाऊ नका. त्यांना ते साधते, तुम्हांला साधणार नाही.

काठावर पोहोचताच तेथील माणसाला नमस्कार किंवा सलाम करून विचारावे, "दादा, येथे गळ टाकला तर चालेल का?" तो 'हो' म्हणाला, तर पुढे आणखी विचारावे, "पाणी कोठे खोल आहे?" उत्तर बहुधा असे मिळते, "टाका ना भो, पण त्या काळ्या दगडाच्या पुढे जाऊ नका. तिकडे वाळूचा खड्डा आहे." हे एक वाक्य कोणत्याही नकाशात सापडत नाही. विचारणाऱ्यालाच ते मिळते. संस्था पास देत असेल, तर तो घ्यावा आणि पावती जवळ ठेवावी. शंका असेल, तर जळगाव किंवा धुळे येथील मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

काय कधीही करू नये

काही लोक पाण्यात सुरुंगाची दारू फोडतात, विष कालवतात किंवा विजेचा प्रवाह सोडतात. क्षणात शेकडो मासे पाण्यावर येतात. पण त्यांत खाण्याजोगे मोजकेच असतात. बाकी पिल्ले, बेडूक, कासवे सारे फुकट मरतात. विष घातलेले पाणी खालच्या गावातील गुरे पितात. दारू हातातच फुटून आणि वीज उलटून माणसेही मरतात. पाण्यात स्फोट करून किंवा विष घालून मासे मारणे हा १८९७ सालच्या भारतीय मत्स्य अधिनियमाने गुन्हा ठरवला आहे. इंग्रजांच्या काळातही याचा धोका लोकांना कळला होता. असे कोणी करताना दिसले, तर त्यात सामील होऊ नका आणि ते मासे फुकट मिळाले तरी घेऊ नका.

पावसाळ्याच्या पहिल्या पुराबरोबर मासे वर चढतात. त्या वेळी त्यांच्या पोटात अंडी असतात. कटला, रोहू, मृगल हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते स्वतःहून अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन तळ्यातच अंडी घालायला लावण्यात यश मिळवले. आज आपल्या धरणांत सोडले जाणारे बीज या शोधामुळे तयार होते. म्हणून १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पण मरळ, वाम, शिंगटा अशा कितीतरी नदीतल्या माशांचे बीज आपल्या धरणांत कोणी आणून सोडत नाही. त्यांना पावसाळ्याचे दोन-तीन महिने निवांत मिळालेच पाहिजेत. त्या दिवसांत गळ घरी ठेवावा. इतर वेळीही तळहाताएवढा मासा लागला, तर हात ओला करून तो अलगद सोडवावा व पाण्यात सोडावा.

सुखरूप परत या

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. नदीवर किंवा तलावावर गेलेले विद्यार्थी बुडाल्याची बातमी वर्तमानपत्रात पुन्हा पुन्हा येते. बहुतेक वेळा ती मुले पोहायला नव्हे, फिरायला गेलेली असतात. खानदेशातील पाण्याचे धोके कोणते, ते नीट समजून घ्या.

पहिला धोका अचानक येणाऱ्या पाण्याचा. तापी मध्य प्रदेशातून येते, पूर्णा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून येते. पाऊस तिकडे पडतो आणि हतनूरचे दरवाजे इकडे उघडतात. तुमच्या डोक्यावर आकाश निरभ्र असते, तरी पात्र भरू लागते. गिरणेत तर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही धरणातून आवर्तन सुटते. सकाळी कोरडे असलेले पात्र दुपारी वाहते. म्हणून धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या खालच्या पात्रात, मधल्या खडकावर जाऊन बसू नये. भोंगा वाजला, पाणी गढूळ होऊ लागले किंवा काडीकचरा वाहत येऊ लागला, की साहित्य गोळा करत न बसता काठ गाठावा.

दुसरा धोका वाळूच्या खड्ड्यांचा. पात्रातून वाळू उपसली की खोल खड्डे पडतात. पाणी आले की ते झाकले जातात. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या मुलाचे पुढचे पाऊल एकदम डोक्याएवढ्या पाण्यात पडते. बाजूची वाळू सरकत असल्यामुळे पायाला आधार मिळत नाही. चांगला पोहणाराही येथे घाबरतो.

तिसरा धोका काळ्या मातीचा. आपली काळी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते. ओली झाली की ती लोण्यासारखी होते आणि उंच काठ भेगाळून खाली कोसळतो. काठाला भेग दिसली, तर तिच्या आत उभे राहावे, पाण्याकडच्या बाजूला नव्हे.

काही नियम पाठ करा. एकट्याने जाऊ नका. घरी किंवा वसतिगृहात जागेचे नाव आणि परत येण्याची वेळ सांगून जा. अंधार पडण्यापूर्वी निघा. वीज चमकू लागली की काठी खाली ठेवा आणि पाण्यापासून व एकट्या झाडापासून दूर जा. वरून विजेच्या तारा गेल्या असतील, तेथे काठी उंच करू नका. आणि सर्वांत मोठा नियम हा, की गळ दगडात अडकला तर तो सोडवायला पाण्यात उतरू नका. दोरा तोडा. नवीन गळ बाजारात काही रुपयांत मिळतो.

मित्र पाण्यात पडलाच, तर त्याच्यामागे उडी मारू नका. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात. काठावर पालथे झोपून काठी, दोर किंवा ओढणी त्याच्याकडे टाका. रिकामा प्लॅस्टिकचा कॅन फेकला, तर तो धरून तो तरंगू शकतो. मोठ्याने हाक मारून जवळच्या मासेमाऱ्यांना बोलवा. दूरध्वनीवर ११२ किंवा १०८ हा क्रमांक लावा. म्हणून प्रत्येकाने पिशवीत दहा-पंधरा मीटरचा एक मजबूत दोर ठेवावा. गळाचे साहित्य विसरले तरी चालेल, दोर विसरू नये.

मुलांनो, मासे पकडण्याच्या छंदात मासा मिळणे हा लहानसा भाग आहे. काठावर तासभर गप्प बसणाऱ्याला नदी कळू लागते. पाणी कोठून येते, कोठे थांबते, त्यावर कोण जगते, हे त्याला दिसू लागते. अशा माणसाच्या हातून डोहात विष पडत नाही आणि भोई दादाच्या जाळ्याला धक्का लागत नाही. उद्या तुम्ही चांगदेवला जा, कानळद्याला जा की मुडावदला जा. पिशवी रिकामी घेऊन परतलात तरी हरकत नाही. घरी तुमची वाट पाहणारी आई पिशवीत काय आहे हे नंतर पाहते. आधी ती दारात कोण आले आहे ते पाहते.

शब्दार्थ

डोह – नदीतील खोल पाण्याची जागा
फुगवटा – धरणामुळे मागे पसरलेले पाणी
आमिष – माशाला भुलवण्यासाठी गळाला लावलेले खाद्य
आवर्तन – धरणातून ठरावीक वेळी सोडलेले पाणी
ठेका – ठरावीक रक्कम भरून मिळालेला हक्क
निरभ्र – ढग नसलेले
पैदास – वाढ, उत्पत्ती

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पूर्णा नदी तापीला कोठे मिळते?
(आ) मृगल माशाचे तोंड खाली वळलेले का असते?
(इ) अनेर धरणावर गळ का टाकू नये?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने डोहाला 'बियाण्याचे कोठार' का म्हटले आहे?
(आ) आकाश निरभ्र असतानाही हतनूरच्या खाली नदीला पाणी कसे येते?
(इ) मित्र पाण्यात पडल्यास तुम्ही काय कराल?

३. वाक्यात उपयोग करा.
गळाला लागणे, वाट पाहणे, फस्त करणे, मुकाट्याने परत फिरणे.

४. पुढील शब्दांसाठी उर्दू शब्द लिहा.
नदी, मासा, जाळे, काठ, पाऊस, परवानगी.

५. उपक्रम : तुमच्या गावाजवळच्या नदीचा किंवा तलावाचा नकाशा काढा. खोल पाणी, बंधारा, वाळूचे खड्डे आणि मासेमाऱ्यांच्या जागा गावातील मोठ्या माणसांना विचारून त्यात दाखवा व तो वर्गात लावा.